मत दिल्यानंतरचं नागरिकत्व

२२ डिसेंबर १९५२ रोजी पुण्याच्या डिस्ट्रिक्ट लॉ लायब्ररीच्या सभासदांपुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं एक व्याख्यान झालं. लोकशाही नीट चालायची तर आधी कोणत्या अटी पूर्ण व्हाव्या लागतात, हा विषय होता. पहिली सार्वत्रिक निवडणूक त्याच वर्षी पार पडली होती, त्यामुळे देशात मतदानाचं कौतुक ताजं होतं. बाबासाहेबांनी मात्र मतपेटीच्या पलीकडच्या गोष्टींवर बोट ठेवलं. समाजात टोकाची विषमता नको, विरोधी पक्ष हवा, कायद्यापुढे आणि कारभारात सर्वांना सारखी वागणूक हवी, संविधानिक नीतिमत्ता हवी, बहुमताने अल्पसंख्याकांवर जुलूम करता कामा नये, या अटी त्यांनी सांगितल्या. आणखी एक अट होती समाजाच्या सदसद्विवेकाची. अन्याय कोणावरही झाला, आपल्याला त्याची झळ लागत नसली, तरी जे मन अस्वस्थ होतं ते मन लोकशाहीला लागतं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यासाठी त्यांनी दाखला दिला दक्षिण आफ्रिकेचा. तिथे भोगत होते भारतीय, आणि त्यांच्यासाठी झगडत होते रेव्हरंड स्कॉट नावाचे एक गोरे धर्मोपदेशक.

आज शाळा-कॉलेजांत ‘जागतिक नागरिकत्वाचं शिक्षण’ हा शब्दप्रयोग वारंवार ऐकू येतो. संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस बान की-मून यांनी २०१२ साली शिक्षणाचा जो जागतिक उपक्रम सुरू केला, त्यात तो ठळकपणे आला. २०१५ च्या शाश्वत विकास उद्दिष्टांत ४.७ या लक्ष्यात तो लिहिला गेला. आपल्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तो आहे. पण त्याचा गाभा पुण्यातल्या त्या व्याख्यानात आधीच सांगून झाला होता. गावातल्या दुसऱ्या आळीचं दुःख ज्याला दिसत नाही, त्याला दुसऱ्या खंडातलं दिसेल अशी आशा धरण्यात अर्थ नाही. म्हणून या लेखात जगाची गोष्ट आहे, पण वाट ग्रामपंचायतीच्या दारातून जाते. अठरा पूर्ण केलेले तरुण, पालक, शिक्षक आणि ‘आम्ही मत देतो, अजून काय करायचं?’ असं मनापासून विचारणारे लोक माझ्यासमोर आहेत.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. संविधानात कलम ५१ आणि कलम ५१-क शेजारी शेजारी आहेत. कलम ५१ मूळ संविधानातलं. आंतरराष्ट्रीय शांतता, राष्ट्राराष्ट्रांत न्याय्य संबंध, करारांचा मान यांसाठी राज्याने झटावं, असं ते सांगतं. ५१-क हे नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांचं कलम १९७६ साली ४२ व्या दुरुस्तीने आलं. तेव्हा दहा कर्तव्यं होती. २००२ साली ८६ व्या दुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या पाल्याला शिक्षणाची संधी देण्याचं अकरावं जोडलं गेलं. या कलमाचा जन्म आणीबाणीतला, म्हणून काहींना ते आवडत नाही, आणि ‘आधी कर्तव्य, मग हक्क’ असं दरडावण्यासाठी त्याचा वापर करणारेही भेटतात. हे दरडावणं मला मान्य नाही. माहिती मागण्याचा हक्क वापरणं, सभेत प्रश्न विचारणं, हीच नागरिकाची मोठी कर्तव्यं आहेत. ५१-क मधला मजकूर मात्र नीट वाचावा. वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद, स्त्रियांच्या प्रतिष्ठेला कमीपणा आणणाऱ्या प्रथांचा त्याग, नद्या-वनं-वन्यजीवांचं रक्षण, हिंसेपासून दूर राहणं. यांतल्या बहुतेक गोष्टी कोणत्याही देशाच्या माणसाला लागू पडतील अशाच आहेत. कर्तव्य पाळलं नाही म्हणून थेट न्यायालय कोणाला जाब विचारत नाही. ते आपणच आपल्याला विचारायचं.

मतदार यादीचं काम थोडक्यात सांगते, कारण ते सोपं आहे आणि तरी दर निवडणुकीत लोक ‘यादीत नावच नाही’ म्हणत केंद्रावरून परततात. नाव वर्षातून एकदा तपासावं. नवीन नोंदणीसाठी अर्ज क्रमांक ६, दुरुस्ती किंवा पत्ता बदलासाठी ८, आणि मृत किंवा स्थलांतरित व्यक्तीचं नाव वगळण्यासाठी ७. पूर्वी वय मोजायला १ जानेवारी ही एकच तारीख होती, आता १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबरही आहेत, आणि सतरा पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्ज करता येतो. उमेदवाराचं शपथपत्र, म्हणजे नमुना २६, निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असतं. त्यात मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि दाखल गुन्हे दिलेले असतात. ही माहिती मतदाराला मिळाली पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सांगितलं. ती वाचायला अर्धा तास पुरतो, आणि भाषणं ऐकण्यात घालवलेल्या संध्याकाळपेक्षा हा अर्धा तास जास्त सांगून जातो.

ग्रामसभा: तयारीने जायची जागा

लोकशाहीत जिथे माणसाला स्वतःच्या नावाने बोलता येतं अशी आपल्याकडची एकच औपचारिक जागा आहे, ती ग्रामसभा. आमदार, खासदार, जिल्हा परिषद सदस्य हे सारे प्रतिनिधी. ग्रामसभेत मात्र प्रत्येक मतदार स्वतः सदस्य असतो. महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत अधिनियमानुसार आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. प्रथेने त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमारास होतात. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी हजेरी लागते. ती झाली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. म्हणजे आपण गेलो नाही म्हणून निर्णय थांबत नाहीत, ते मोजक्या लोकांत होतात. घरकुलाच्या लाभार्थ्यांची नावं, पाण्याची कामं, वर्षाचा आराखडा, सगळं त्या मोजक्यांच्या सह्यांवर पुढे जातं.

सभेला जाण्याआधी तीन कागद बघून ठेवा. मागच्या सभेचं इतिवृत्त, या सभेची विषयपत्रिका आणि ग्रामपंचायतीचा चालू वर्षाचा विकास आराखडा. ‘आमचं गाव, आमचा विकास’ या उपक्रमाखाली हा आराखडा दरवर्षी तयार होतो, आणि मंजूर कामं व खर्च ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर कोणालाही दिसतो. तुमचा विषय पत्रिकेत हवा असेल तर तो आधीच लेखी द्या. ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपण अजूनही ज्यांना ग्रामसेवक म्हणतो त्यांच्याकडे, अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. तोंडी मांडलेला विषय इतिवृत्तात येईलच असं नाही. पोच असलेला विषय डावलणं अवघड जातं. सभा संपताना ठराव वाचून दाखवायला सांगा. ‘चर्चा झाली’ असं लिहिलं तर त्याचा काही उपयोग नाही. काय ठरलं, कोणी करायचं, कधीपर्यंत, ही तीन उत्तरं ठरावात असली पाहिजेत.

आणि आवाज चढवू नका. ग्रामसभा भांडणात संपली की पुढच्या सभेला बायका येत नाहीत, म्हातारी माणसं येत नाहीत, आणि ज्यांना गणपूर्ती नकोच असते त्यांचं काम सोपं होतं. कायद्याने ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते आणि तिथले विषय ग्रामसभेपुढे ठेवायचे असतात. राज्यातल्या स्थानिक संस्थांत २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांना आहेत. तरीही बऱ्याच गावांत महिला सभा कागदावर उरकली जाते. ताई, मावशी, काकू, तुमच्यापैकी दहा जणी जरी ठरवून गेल्या, आणि शौचालयाचं पाणी, अंगणवाडीचं छप्पर, दारूचं दुकान असे विषय लेखी दिले, तर ती सभा खरी होते.

गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंड गाव या बाबतीत शिकण्यासारखं आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा महाराष्ट्राला माहीत आहे. घोषणेमागची मेहनत तेवढी माहीत नाही. गावातले देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने तिथल्या लोकांनी अभ्यासगट चालवले. जंगलाचा कायदा काय म्हणतो, बांबू किती वर्षांत वाढतो, कोणाला काय लागतं, याचा आधी अभ्यास, मग ग्रामसभा, आणि तिथे बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने निर्णय. एक जरी माणूस अडून बसला तरी त्याचं म्हणणं ऐकून घ्यायचं. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २०११ साली बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. आपल्या गावात सर्वसहमती जमेलच असं नाही. अभ्यासगट मात्र कुठेही जमतो. पाच माणसं, एक ओटा आणि ग्रामपंचायतीचा जमाखर्च एवढ्यावर तो सुरू होतो.

ग्रामसभेत कोण नाही, हेही बघा. बीड, अहिल्यानगर, जालना या भागांतली ऊसतोड कुटुंबं दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन बाहेर पडतात आणि मार्च-एप्रिलात परततात. २६ जानेवारीची ग्रामसभा त्यांच्यावाचूनच होते. त्यांच्या रेशनचा, घरकुलाचा किंवा मुलांच्या हंगामी वसतिगृहाचा विषय त्या दिवशी घेतला, तर बोलायला कोणीच नसतं. हे विषय १ मे किंवा १५ ऑगस्टच्या सभेत घ्यावेत असा आग्रह गावात राहणाऱ्या माणसाने धरायचा असतो. त्याचं स्वतःचं काही अडलेलं नसतं. बाबासाहेब ज्या अस्वस्थतेबद्दल बोलत होते, ती इथे इतक्या साध्या रूपात समोर येते.

शहरात काय करायचं

शहरी वाचक इथपर्यंत येऊन म्हणतील, आमच्याकडे ग्रामसभाच नाही. खरं आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने मोठ्या शहरांत प्रभाग समित्या आणल्या, पण तिथे मतदाराला स्वतः बसता येत नाही. ही उणीव आपल्या शहरांना फार महागात पडते आहे, असं माझं मत आहे. तरी काही फटी आहेत. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ साली अंदाजपत्रकाचा काही भाग लोकांनी सभा घेऊन ठरवायला सुरुवात केली. ती कल्पना जगभर फिरली, आणि २००६ साली पुणे महापालिकेने नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक सुरू केलं. पुणेकरांना त्यात आपल्या प्रभागातली छोटी कामं सुचवता येतात. पदपथ, बसथांब्याचं छत, दिवे, स्वच्छतागृह. तुम्ही पुण्यात राहत असाल तर अर्जाची मुदत दरवर्षी जाहीर होते, ती चुकवू नका, आणि आपण सुचवलेलं काम प्रत्यक्ष अंदाजपत्रकात आलं का, आलं तर झालं का, हे पुढच्या वर्षी तपासा. दुसऱ्या शहरात राहत असाल तर आपल्या नगरसेवकाला विचारा, की पुण्यात जे होतं ते इथे का नाही.

ब्राझीलमधल्या एका शहराच्या प्रयोगातून कोथरूडचा पदपथ होतो. असा प्रवास उलट दिशेनेही झाला आहे. सांगली जिल्ह्यातल्या विसापूरचे वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने उचलली, तिचा कायदा झाला, आणि २००५ साली ती देशाच्या रोजगार हमी कायद्याचा आधार ठरली. चांगल्या नागरी कल्पनेला सीमा लागत नाही, आणि ती बहुतेक वेळा कोणाच्या तरी गल्लीतच जन्मते.

कागद मागायला शिका

स्वीडनने १७६६ साली सरकारी कागद पाहण्याचा हक्क कायद्यात लिहिला. आपल्याकडे तो वरून आला नाही. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेच्या खेड्यातल्या जनसुनावण्यांतून आणि १९९६ च्या ब्यावरच्या धरण्यातून त्याची मागणी उभी राहिली. रोजंदारीवर काम केलेल्या मजुरांना हजेरीपट बघायचा होता, एवढंच मूळ होतं. महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर २००२ साली राज्याचा कायदा आला, आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा माहिती अधिकार कायदा पूर्णपणे लागू झाला.

अर्जाला दहा रुपये, कोर्ट फी स्टॅम्पच्या रूपात चालतात. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय, आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत. उत्तर तीस दिवसांत यायला हवं. एखाद्याच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर अठ्ठेचाळीस तासांत. उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं तर तीस दिवसांच्या आत पहिलं अपील, तिथेही समाधान झालं नाही तर नव्वद दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरं.

अर्ज फुकट जातो तो बहुधा एकाच कारणाने. लोक ‘रस्ता निकृष्ट का केला?’ असं विचारतात. ‘का’चं उत्तर देण्याचं बंधन माहिती अधिकाऱ्यावर नाही, त्याच्याकडे असलेला कागद देण्याचं आहे. म्हणून असं लिहा: अमुक रस्त्याच्या कामाचं अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतली त्या कामाची पानं आणि अंतिम देयक यांच्या प्रती मिळाव्यात. मोजमाप पुस्तिकेत खडीची जाडी लिहिलेली असते. ती घेऊन रस्त्यावर जा आणि कडेला पट्टी लावून बघा. ‘का’चं उत्तर आपोआप मिळतं. प्रती घेण्याआधी कार्यालयात जाऊन अभिलेख पाहण्याची मागणीही करता येते, त्यात पैसे आणि वेळ दोन्ही वाचतात.

हा कायदा वैयक्तिक सूड काढायला किंवा ठेकेदाराकडून पैसे उकळायला वापरणारे लोक आहेत. त्यांच्यामुळे प्रामाणिक अर्जदाराकडे संशयाने पाहिलं जातं. म्हणून मिळालेली माहिती एकट्याच्या पिशवीत ठेवू नका, ग्रामसभेत किंवा सोसायटीच्या फलकावर सर्वांसमोर ठेवा.

दाखला, उतारा, परवाना यांसाठी अडवणूक होत असेल तर माहिती अधिकारापेक्षा दुसरा रस्ता जवळचा आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवेला ठरावीक मुदत असते आणि ती यादी कार्यालयात लावलेली असायला हवी. ‘आपले सरकार’ संकेतस्थळावर अर्ज करता येतो. विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये शास्ती होऊ शकते. चिरीमिरी देऊन काम लवकर करून घेणारा माणूस आपल्यामागे उभ्या असलेल्या गरिबाचा नंबर मागे ढकलत असतो, हे लक्षात ठेवावं.

अंगठ्यावरची जबाबदारी

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठार मारलं. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवर फिरत होती. ते पाच जण भिक्षा मागून पोट भरणारे होते. एप्रिल २०२० मध्ये पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा चालक असेच अफवांच्या वातावरणात मारले गेले. दोन्ही ठिकाणी मेलेली माणसं परकी होती, म्हणजे त्या गावात त्यांना ओळखणारं कोणी नव्हतं, एवढाच त्यांचा दोष.

देशभरातल्या अशा घटनांनंतर व्हॉट्सअॅपने जुलै २०१८ मध्ये भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली, आणि २०१९ च्या जानेवारीत ती जगभर लागू केली. म्हणजे आपल्या गावांतल्या मृत्यूंमुळे जगातल्या अब्जावधी लोकांच्या फोनचा नियम बदलला. पण नियमाने अंगठा थांबत नाही. संदेश कोणी पाठवला, मूळ कुठलं, तारीख कोणती, इतकं तपासल्याशिवाय पुढे पाठवायचा नाही. एखाद्या जातीबद्दल, धर्माबद्दल किंवा ‘बाहेरच्यां’बद्दल राग उसळवणारा संदेश असेल तर तो पुढे न पाठवणं पुरेसं नाही. त्याच गटात ‘याचा पुरावा काय?’ एवढं तरी लिहावं. नातेवाइकांच्या गटात हे लिहिणं अवघड जातं, मामा-काका रागावतात. मोठ्यांचा मान ठेवून, शब्द जपून लिहावं, पण लिहावं. गप्प राहिलेल्या गटात अफवेला सगळ्यांचीच संमती आहे असं दिसतं.

शाळेत जग कसं आणायचं

आता शिक्षकांशी बोलते. जागतिक नागरिकत्वाच्या शिक्षणाचे युनेस्कोने तीन भाग सांगितले आहेत. समजून घेणं, दुसऱ्याबद्दल आपुलकी व आदर वाटणं, आणि काही करणं. आपल्या परीक्षेत पहिलाच भाग मोजला जातो, म्हणून शिकवलाही तोच जातो. संयुक्त राष्ट्रांच्या शाखा पाठ करून घेतल्या की तास संपला. देशोदेशीचे ध्वज रंगवणं आणि वेशभूषा स्पर्धा यांत मुलांना मजा येते, पण त्यातून जगाशी असलेलं आपलं देणं-घेणं त्यांना कळत नाही. त्यापेक्षा आपल्या तालुक्यापासून सुरुवात करा. मी नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्याचं उदाहरण घेते, कारण तिथे हे फार स्पष्ट दिसतं.

निफाड तालुक्यात लासलगावची कांद्याची बाजारपेठ आहे. ८ डिसेंबर २०२३ पासून केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. शहरांतले भाव आवरावेत हा हेतू होता. ती ४ मे २०२४ ला उठली, तीही किमान निर्यात मूल्य आणि चाळीस टक्के निर्यात शुल्क लावून. या पाच महिन्यांवर नववीच्या वर्गाला एक आठवडा काम करता येईल. काही मुलांनी घरातल्या कांदा उत्पादकाची मुलाखत घ्यायची: खर्च किती, भाव किती, चाळीत किती सडला. काहींनी मुंबईत धुणीभांडी करणाऱ्या आपल्या आत्याला फोन करायचा, की कांदा महागला तेव्हा घरात काय बदललं. काहींनी बाजार समितीतल्या हमालांशी बोलायचं. आणि काहींनी वर्तमानपत्रांतून शोधायचं, की भारताचा कांदा घेणाऱ्या बांगलादेशातल्या गिऱ्हाइकावर काय वेळ आली. मग वर्गात चर्चा. अट एकच: प्रत्येकाने स्वतःच्या घराखेरीज दुसऱ्या कोणाची तरी बाजू मांडायची. कांदा उत्पादकाच्या मुलाने ढाक्यातल्या आईची, नोकरदाराच्या मुलीने शेतकऱ्याची. शिक्षकाने निकाल देऊ नये. या प्रश्नाला सर्वांना खूश करणारं उत्तर नाही, हे मुलांना कळणं हाच धडा आहे. लोकशाहीत बहुतेक प्रश्न असेच असतात.

त्याच तालुक्यातली द्राक्षं युरोपात जातात. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचे अंश सापडल्याने भारतीय द्राक्षं तिथे अडली, आणि शेतकऱ्यांचं मोठं नुकसान झालं. शेतमालाच्या निर्यातीचं काम पाहणाऱ्या अपेडा या सरकारी संस्थेच्या ग्रेपनेट या व्यवस्थेत निर्यातीची पेटी कोणत्या बागेतली, हे शोधता येतं. मुलांना हे सांगा आणि मग विचारा, की युरोपच्या ग्राहकासाठी जी तपासणी होते, ती आपल्या आठवडी बाजारातल्या द्राक्षांची होते का, आणि फवारणी करणाऱ्या मजुराच्या तब्येतीची कोण तपासणी करतं. हा प्रश्न एखादी मुलगी ग्रामसभेतही नेईल. नेऊ द्या.

आणि तिथेच गोदावरी-कादवेच्या संगमाजवळ नांदूरमध्यमेश्वर आहे. इराणमधल्या रामसर शहरात १९७१ साली पाणथळ जागांसाठी करार झाला, त्याच्या यादीत जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातून पहिलं नाव जाहीर झालं ते याचं. हिवाळ्यात उत्तरेकडच्या देशांतले पक्षी तिथे उतरतात. बंधाऱ्याचं पाणी शेतीला किती, पक्ष्यांसाठी किती, त्यात सांडपाणी कुठून येतं, हे प्रश्न मुलं तिथे उभी राहून विचारू शकतात. कलम ५१-क मधलं पर्यावरणाचं कर्तव्य आणि एक आंतरराष्ट्रीय करार एकाच काठावर भेटतात, असं ठिकाण पाठ्यपुस्तकात शोधून सापडणार नाही.

तुमचा तालुका वेगळा असेल. कोकणात हापूस आहे, विदर्भात कापूस आहे, सोलापुरात चादरी आहेत, जवळजवळ प्रत्येक गावात आखातात किंवा परदेशात गेलेलं कोणीतरी आहे. जगाची बातमी मुलांना निराश करते, हवामानाच्या संकटाचं ऐकून ती घाबरतात, म्हणून जगाने एकत्र येऊन काही निभावलं त्याचीही गोष्ट सांगा. ओझोनचा थर वाचवण्यासाठी १९८७ साली माँट्रियल करार झाला, पुढे जगातले सगळे देश त्यात आले, आणि तो थर आता सुधारतो आहे. हंसा मेहतांची गोष्टही सांगा. मुंबईच्या एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या कुलगुरू राहिलेल्या या बाईंनी मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ या अर्थाने वाचता येईल अशी शब्दरचना राहू दिली नाही. १० डिसेंबर १९४८ रोजी तो जाहीरनामा मंजूर झाला, तेव्हा त्यात ‘सर्व माणसं’ होती.

पालकांसाठी एक काम. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते. सही करायला बोलावलं म्हणून जाऊ नका. पोषण आहाराची चव घ्या, हजेरीपट बघा, कोणाचं मूल महिनाभर आलं नाही ते विचारा. शालेय मंत्रिमंडळाच्या निवडणुका घेणाऱ्या शाळांनी त्या मुलांना एखादा खरा निर्णय सोपवावा. वाचनालय कधी उघडायचं, खेळाचं साहित्य कोणतं घ्यायचं. ज्या मंत्रिमंडळाला काहीच ठरवता येत नाही, त्यातून मुलं एवढंच शिकतात की निवडणूक हा एक सोहळा असतो.

परदेशी राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी दोन ओळी. भारताचं नागरिकत्व कायम असेल तर अर्ज ६-अ भरून पारपत्रावरच्या पत्त्याच्या मतदारसंघात नाव नोंदवता येतं. मत मात्र इथे येऊन द्यावं लागतं. ज्या देशात तुम्ही राहता, तिथल्या मजुरांच्या, निर्वासितांच्या, वर्णभेद सोसणाऱ्यांच्या प्रश्नांकडे ‘हे आपलं नाही’ म्हणून पाहू नका. आपल्यासारख्या दिसणाऱ्या माणसांसाठी दक्षिण आफ्रिकेत एकेकाळी कोणीतरी परका उभा राहिला होता.

पुढच्या ग्रामसभेआधी गावात बालसभा होते का, हे विचारा. विकास आराखडा करताना मुलांची सभा घेण्याची तरतूद आहे, आणि ती बऱ्याच गावांत होत नाही. झाली नसेल तर तसा लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि ज्या दिवशी ती होईल त्या दिवशी गावात नव्याने राहायला आलेल्या, बोली वेगळी असलेल्या, वीटभट्टीवर राहणाऱ्या मुलांना तिथे घेऊन जाण्याचं काम तुम्ही स्वतः करा.